नोटेचे मोल

देवनारच्या आमच्या दुकानात शेजारच्या आजींनी उधारी चुकती करताना दहा रुपयांची एक जुनी नोट दिली. तिच्या मागील बाजूस सेवाग्राम आश्रमासमोर बसलेले गांधीजी; १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या मालिकेतील ती नोट. सही बी. एन. आदरकर यांची! आदरकर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते १९७० च्या ४ मेपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे अवघे ४२ दिवस. म्हणून त्यांच्या सहीची नोट त्याच मालिकेतील एल. के. झा यांच्या सहीच्या नोटेहून दुर्मीळ. शिवाय हिला घडी नव्हती, टाचणीचे छिद्रही नव्हते. संग्राहक नुसत्या जुनेपणापेक्षा हेच पाहतात.

रात्रभर ती माझ्या वहीतच होती. वडील म्हणत, ‘गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर मिळवलेला नफा कोणत्या खात्यावर लिहाल?’ सकाळी नोट परत नेली आणि तिचे मोल सांगितले. आजी क्षणभर गप्प झाल्या. ‘यांच्या पाकिटात होती रे; मी सुटे म्हणून दिली,’ असे म्हणून त्यांनी ती पुन्हा पाकिटात जपून ठेवली व मला दुसरी नोट दिली.

वहीत दहाच रुपये जमा झाले. तेवढेच येणे होते.