बांधावरची फुलं आणि डोंगळ्यांचं बी

आमची शेती सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात आहे. पाऊस कमी, विहीर जेमतेम मार्चपर्यंत साथ देते. त्यामुळे कांद्याचे डोंगळे लावून बी करायचं, घरापुरतं ठेवून बाकीचं विकायचं, हे आमच्याकडे आबांपासून चालत आलंय. आबा म्हणजे माझे सासरे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडलेले कांदे लावतो, जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे फुलतात आणि मार्च-एप्रिलात काढणी होते.

२०१८ च्या दुष्काळानंतर पाऊस बरा झाला. डोंगळे जोमात आले, गोंडे मुठीएवढे झाले, पण बी भरेना. गोंडा तळहातावर चोळून फुंकर मारली की टरफल उडून जायचं आणि हातात मोजके काळे दाणे उरायचे. बरीचशी बोंडं पोचटच निघायची. खत बदललं, बुरशीनाशक मारलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली. पुढच्या वर्षीही तेच झालं. बी घेणारा व्यापारी हातात घेऊन नुसता बघायचा, तेव्हा फार वाईट वाटायचं.

मग कृषी सहायकांना शेत दाखवलं. ते म्हणाले, "ताई, उद्या सकाळी दहाला गोंड्यांजवळ बसा आणि कुठल्या माश्या येतात ते बघा." मी बसले. घरमाश्या होत्या, एक-दोन फुलपाखरं होती, एखादी फुलोरी माशी. आग्या माशी एकही नव्हती. कारण त्यांनी समजावून सांगितलं. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतात आणि त्याच फुलातला स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात, आणि ते काम मुख्यतः मधमाश्यांचं. माशी नसेल तर खतानं बी भरत नाही.

घरी हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "ओढ्याकाठी करंज होते, तेव्हा चैत्रात तिथं नुसता घूं घूं आवाज असायचा." रस्ता रुंद झाला तेव्हा ते करंज गेले. वडावरची आग्या माश्यांची पोळी मधासाठी जाळून नेली. बांध कोरून कोरून अरुंद झाले आणि त्यावरची झुडपं संपली.

त्या वर्षी आम्ही मेलीफेरा जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या. दहातलं एखादं फूल उमलू लागलं की पेट्या ठेवायच्या, हे मधपाळानं सांगितलं होतं. फरक दिसला, बोंडं भरली. पुढच्या हंगामात मात्र शेजारच्या रानात भर दुपारी फुलकिड्यांसाठी फवारणी झाली. संध्याकाळी पेट्यांच्या दारात माश्यांचा थर पडला होता. जिभा बाहेर आलेल्या, काही अजून वळवळत होत्या. मधपाळ न बोलता पेट्या उचलून घेऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, "काकू, पेटी महिनाभर येते. बाकीचे अकरा महिने इथल्या माश्यांनी खायचं काय?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. रब्बी निघाली की आमच्याकडे मार्चपासून पावसापर्यंत रानं उघडी पडतात. तेव्हा झाडांवरच काय ती फुलं असतात, आणि आमच्याकडे झाडंच उरली नव्हती.

आम्ही ओढ्याचा काठ, विहिरीभोवतीची जागा आणि रस्त्याकडचा बांध निवडला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. शेजाऱ्याच्या पिकावर सावली गेली की भांडण ठरलेलं. म्हणून त्याच्या बांधावर मोठं झाड लावलं नाही, छाटता येणारं गिरिपुष्पच लावलं. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, बहावा, पांगारा आणि पळस. कडुनिंब आपोआप उगवले होते, ते फक्त राखले.

यादी फुलायच्या काळावरून केली होती. शेवगा जानेवारीपासून फुलतो. गिरिपुष्प, पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चात. जांभूळ आणि कडुनिंब मार्च-एप्रिलात. करंज त्याच सुमारास सुरू होऊन पुढे चालतो, बहावा एप्रिल-मेमध्ये. एक थांबला की दुसरा सुरू व्हावा, एवढाच हिशेब. डोंगळ्यांच्या आधीची पोकळी भरायला ऑक्टोबरात कडेनं मोहरी टाकली. शेपू आणि धन्याचे काही वाफे न उपटता फुलू दिले.

शेवग्यावर माश्या गेल्या तर कांद्याकडे कोण येईल, ही शंका माझ्याही मनात होती. कांद्याचा मकरंद माश्यांना फारसा आवडत नाही, हे खरं आहे. पण रानात माश्याच नसतील तर आवडीचा प्रश्न येत नाही. आम्ही शेवगा डोंगळ्यांपासून लांब, रस्त्याकडे ठेवला.

आता अडचणी. रोपवाटिकेतून आणलेले पळस बहुतेक सगळे मेले. पळसाचं सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते गोल गुंडाळलं जातं. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये पडलेल्या ताज्या शेंगा गोळा करून पहिल्या पावसात थेट खड्ड्यात टोकल्या. त्या उगवल्या आणि टिकल्या. पांगाऱ्याच्या जाड फांद्या लावल्या होत्या. त्यांना पालवी आली, पण पानांना गाठी धरल्या. एका बारीक परदेशी कीटकामुळे त्या होतात, असं समजलं. गाठाळलेल्या फांद्या कापून जाळल्या. दोन झाडं वाचली, तेवढ्यावर समाधान मानलं.

शेळ्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं. तारेचं कुंपण परवडत नव्हतं. बाभळीच्या काट्या रचून प्रत्येक रोपाला कुंपण केलं, तरी शेळी वाट काढतेच. शेवटी शेळ्या वळणाऱ्या मावशींशी बोलले. गिरिपुष्प वाढल्यावर छाटणीतला पाला तुम्हाला देईन, असं ठरलं. त्यानंतर त्या स्वतःच शेळ्या हाकलायच्या.

पहिले दोन उन्हाळे कठीण गेले. खोडाशेजारी मडकं पुरायचं, बुडाला भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घालायची आणि वर झाकण ठेवायचं. एवढ्यावर रोपं जगली. मुळाशी उसाचं पाचट टाकलं. वाळवी लागायला लागली तेव्हा ते खोडापासून वीतभर लांब सरकवलं.

फवारणीचं जमवायला झाडांपेक्षा जास्त वेळ लागला. शेजारी म्हणाले, "वहिनी, फुलकिडे तर मारावेच लागतात ना." बरोबरच होतं. मग असं ठरलं की फवारणी फुलं उमलायच्या आधी उरकायची. फुलात असताना करावीच लागली तर माश्या परतल्यावर, सूर्य मावळताना करायची. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं फुलोऱ्यात वापरायची नाहीत. युरोपीय संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतात इमिडाक्लोप्रिडच्या वापरावर बंदी घातली, हेही सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण लगतच्या तिघांनी ऐकलं.

शेवगा पहिल्याच वर्षी फुलला. त्यावर काळे मोठे भुंगे आले. ते वाळक्या लाकडात घर करतात, म्हणून वाळलेला एक ओंडका तसाच ठेवला. गिरिपुष्प वर्षभर छाटत राहिलं की फुलं येत नाहीत, हे शेजारणीच्या बांधावर दिसलं. आता आम्ही निम्मी झाडं फुलं झडल्यावरच छाटतो. मावशींना देऊन उरलेला पाला डोंगळ्यांच्या रानात हिरवळीच्या खताला जातो.

तिसऱ्या वसंतात कडुनिंबाच्या आतल्या फांदीवर फुलोरीचं पोळं दिसलं. काडीभोवती धरलेलं, तळहाताएवढं, वरून माश्यांनी झाकलेलं. नातवंडांना लांबून दाखवलं. त्या दिवशी मला जे बरं वाटलं, ते बी विकून आलेल्या पैशांत नव्हतं. पुढच्या वर्षी डोंगळ्यांवर सकाळी आग्या माश्याही दिसायला लागल्या.

बी आता पहिल्यापेक्षा चांगलं भरतं. सगळं श्रेय झाडांना देणार नाही, फवारणी बदलली आणि पेट्याही आणल्या होत्या. एका मार्चमध्ये गारपिटीनं अर्धे गोंडे झोडपले, त्यावर माश्यांचा इलाज नाही. पळस तर अजून फुललाच नाही, त्याला बरीच वर्षं लागतात. पण ओढ्याकाठच्या करंजांना तुरे आले आणि आबांना खुर्ची टाकून तिथं बसवता आलं.

कुणाला करायचं असेल तर थोडक्यात सांगते. पैसा किंवा पाणी कमी असेल तर शेवगा आणि गिरिपुष्पाच्या फांद्यांनी सुरुवात करा, पहिला पाऊस पडून गेल्यावर लावा. करंज-जांभूळ त्याच वर्षी लावा, कारण त्यांना वेळ लागतो. पळसाचं बी थेट खड्ड्यात टाका. बांधाचा एखादा उघडा, न खणलेला तुकडा राखा, कारण काही माश्या जमिनीत बिळं करून राहतात. आणि रोपं आणायच्या आधी शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन फवारणीच्या वेळेचं बोलून घ्या. त्याला खर्च नाही, आणि ते जमलं नाही तर लावलेल्या झाडांवर आलेल्या माश्या शेजारच्या रानात मरतात.