गाळ बसू द्यावा लागतो

उरण-पनवेलच्या खाजणात बोअरिंग सुरू झालं की पहिल्या काही मीटरांत अनेकदा हातोडा मारावाच लागत नाही. नमुना घेणारी नळी स्वतःच्या वजनानंच खाली उतरते. वर येतो तो काळपट, शिंपल्यांचे तुकडे मिसळलेला गाळ. याच्यावर रस्ता, गोदाम, वसाहत उभी करायची असते.

अशा गाळात कधीकधी मातीच्या कणांइतकंच वजन पाण्याचं असतं. भराव टाकला की भार आधी पाण्यावर येतो. पाणी निघून जाईल तसा तो कणांवर उतरतो आणि जमीन बसत जाते. कार्ल टेरझागी यांनी हे गणित १९२५च्या आपल्या ग्रंथात मांडलं. त्यातली एक गोष्ट पाया घालणाऱ्यानं मनावर कोरून ठेवावी अशी आहे: पाण्याला बाहेर पडायचं अंतर दुप्पट झालं, तर वेळ चौपट लागतो. जाड थर आपोआप बसायला दशकंही जातात.

म्हणून गाळात सुमारे १० सेंटिमीटर रुंदीच्या चपट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मीटर-दीड मीटरवर उभ्या खोवतात. पाणी आडवं सरकून जवळची पट्टी गाठतं आणि तिच्यातून बाहेर पडतं. वर भरावाचा भार ठेवून अभियंता महिनोन्‌महिने जमीन किती बसली ते टिपत राहतो. बाहेरच्याला काम ठप्प वाटतं, घाई सुरू होते. त्या घाईपुढे न झुकणं ही या पेशातली सर्वांत मोठी कसोटी.

थांबण्याचं मोल किती, याची साक्ष पिसाचा मनोरा देतो. ११७३मध्ये सुरू झालेलं बांधकाम तिसऱ्या मजल्यानंतर थांबलं आणि जवळपास शंभर वर्षं थांबूनच राहिलं. तेवढ्या काळात खालची माती घट्ट झाली. काम सलग चाललं असतं तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं तज्ज्ञ मानतात.

खडकापर्यंत पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, नेले की प्रश्न मिटला, हा समज धोक्याचा आहे. इमारत जागच्या जागी राहते, भोवतालचा भराव मात्र बसतो. दारापाशी पायरीएवढी फट पडते, सांडपाण्याचे पाइप तुटतात. शिवाय बसणारा गाळ पाइललाही खाली ओढतो, तो जादा भार आराखड्यात धरावाच लागतो.

खाडीकाठी घर घेताना सदनिकेचा नकाशा पाहाच, पण मातीच्या तपासणीचा अहवालही मागा. आणि भराव कोणत्या वर्षी टाकला, हे विचारा.