लुईव्हिलचा निरोप

अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी, लुईव्हिल नावाचे शहर वसलेले आहे. १० जून २०१६ रोजी सकाळपासूनच तेथील रस्त्यांच्या दोन्ही कडांना माणसांची रीघ लागली होती. लहान मुले वडिलांच्या खांद्यांवर बसली होती, म्हातारी माणसे घरून खुर्च्या घेऊन आली होती, आणि सर्वांचे डोळे रस्त्याच्या एकाच टोकाकडे लागले होते. मुष्टियुद्धात तीन वेळा जगज्जेता ठरलेला मुहंमद अली आज आपल्या जन्मगावातून अखेरचा जाणार होता.

३ जूनला, दूर ॲरिझोना राज्यात, वयाच्या ७४ व्या वर्षी त्याने देह ठेवला होता. आपला अंत्यविधी कसा व्हावा, याचा विचार त्याने कित्येक वर्षे आधीच करून ठेवला होता. निरोप द्यायला ज्याला यावेसे वाटेल त्याला येता यावे, एवढीच त्याची मुख्य इच्छा होती. म्हणून अंत्ययात्रेचा मार्ग वीस मैलांच्या आसपास आखण्यात आला. मोटारींची ती रांग केवळ मोठ्या इमारतींजवळून गेली नाही. ती ग्रँड ॲव्हेन्यूवरील एका चिमुकल्या, गुलाबी रंगाच्या घरावरूनही गेली.

त्या घरात तो लहानाचा मोठा झाला. त्या वेळी त्याचे नाव कॅशियस क्ले असे होते. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत, आई गोऱ्या लोकांच्या घरी स्वयंपाक व झाडलोट करी. घर गरिबीचे, पण मायेचे होते. १९५४ साली बारा वर्षांच्या कॅशियसला एक नवी कोरी सायकल मिळाली; तिचा रंग लाल व पांढरा होता. ती घेऊन तो एका मित्रासह प्रदर्शन पाहावयास गेला. तेथे फुकट मिळणाऱ्या लाह्या खाण्याच्या नादात दोघांना वेळेचे भान राहिले नाही. बाहेर येऊन पाहतात तो सायकल नाहीशी झालेली! पोरगा रडू लागला. त्याच इमारतीच्या तळघरात जो मार्टिन नावाचा एक गोरा पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. कॅशियस डोळे पुशीत त्याच्याकडे गेला आणि चोर सापडताच त्याला झोडपून काढण्याच्या बाता मारू लागला. मार्टिनने ते शांतपणे ऐकून घेतले व विचारले की, बाळ, पण तुला लढता येते का? येत नसेल तर आधी शिकून घे. त्या दिवसापासून तळघराची वाट कॅशियसच्या पायांना ओळखीची झाली. सायकल मात्र पुन्हा कधीच सापडली नाही.

१९६० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने रोमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. या धीट मुलाला विमानाची इतकी भीती वाटे, की प्रवासासाठी त्याने स्वतःपुरती एक हवाई छत्री विकत घेतली होती! पदक गळ्यात घालून तो परतला, तेव्हा गावाने मिरवणूक काढली, टाळ्या वाजविल्या. पण त्याच गावातील पुष्कळ उपाहारगृहांत कृष्णवर्णीय माणसाला बसून खाण्यास मज्जाव होता. फाँटेन फेरी नावाच्या मनोरंजन उद्यानात त्याच्या वर्णाच्या मुलांना पाऊल टाकता येत नसे. जगाने ज्याला पदक दिले, त्याला घरच्या गावी साधे खाणे मिळू नये! संतापाच्या भरात ते पदक आपण ओहायो नदीत फेकून दिले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. ते नुसते हरवले, असे त्याचे काही स्नेही म्हणत. काहीही असो, पदक गेले आणि सल उरला.

पुढे १९६४ साली तो जगज्जेता झाला. त्याने इस्लाम धर्म स्वीकारला व मुहंमद अली हे नाव घेतले. १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास त्याने नकार दिला. त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा फर्मावण्यात आली. अपील चालू असल्यामुळे तुरुंग टळला. पण ऐन उमेदीची तीन वर्षे त्याला लढता आले नाही. देशभर लोकांनी त्याला नावे ठेवली. लुईव्हिलही त्याला अपवाद नव्हते. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तरीही १९७८ साली शहरातील एका रस्त्याला त्याचे नाव द्यावयाचे ठरले, तेव्हा विरोध करणारे काही थोडे नव्हते.

गाव आपल्या मुलाशी कधीकधी असेही वागते. मुलगा मात्र गाव विसरला नाही. १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले, हात थरथरू लागले, वाणी मंदावली. तरी तो लुईव्हिलला येत राहिला.

त्या शुक्रवारी सुमारे एक लाख लोक रस्त्यावर उभे होते. गोरे आणि काळे एकमेकांना खेटून उभे होते. शवपेटीची मोटार दिसताच ‘अली! अली!’ असा घोष उठे. लोक पुढे धावत, मोटारीला हात लावीत, फुले उधळीत. बघता बघता मोटारीची समोरची काच फुलांनी भरून गेली. ज्या रस्त्याच्या नावावरून एके काळी वाद झाला, त्याच रस्त्यावर आज पाऊल ठेवायला जागा नव्हती.

दुपारी भव्य सभागृहात शोकसभा भरली. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी प्रार्थना केल्या. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन बोलले. पत्नी लॉनी अली यांनी मात्र आठवण काढली ती त्या पोलिसाची आणि सायकल हरवलेल्या मुलाची.

पण हे सारे नंतरचे. मिरवणूक केव्ह हिल दफनभूमीच्या फाटकाशी पोहोचली, तेव्हा वाटेवर गुलाबाच्या लाल पाकळ्या पसरलेल्या होत्या. मोटारी त्यांवरून सावकाश आत गेल्या. पुढचा विधी केवळ घरच्यांपुरता होता. फाटकाबाहेरच्या माणसांना ते ठाऊक होते. तरी ती तेथेच उभी राहिली.