दुकानें उघडण्यापूर्वीं

हातखंब्यास थांबला नाहीं असा कोंकणचा प्रवासी क्वचितच सांपडेल, आणि हातखंबा पाहिला आहे असाहि क्वचितच सांपडेल. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता आणि रत्नागिरीहून कोल्हापुराकडे जाणारा रस्ता यांचा येथें तिठा झाला असल्यामुळें जो तो येथें क्षणभर उभा राहतो, चहा पितो, पाटी वाचतो व आपल्या दिशेनें निघून जातो. गांव तिठ्याच्या पाठीमागें राहून जातें. याबद्दल आमच्या मनांत थोडा राग असे. परंतु नेमका हाच अपराध आम्ही स्वतः रत्नागिरीच्या बाबतींत साठ वर्षें करीत आलों आहों हें आमच्या ध्यानांत नुकतेंच आलें, आणि तें ध्यानांत येण्यास आमच्या रक्तांतील साखर कारण झाली.

रत्नागिरी आमच्यापासून चार कोस. आमच्या घराण्यांतील लग्नाचीं वस्त्रें, औषधें, चष्मे, दाखले, सारें तेथूनच आलें. आम्हीं तें शहर पाहिलें तें नेहमीं हातांत यादी धरून. एस्. टी.च्या स्थानकावर उतरावें, कचेरींत अर्ज द्यावा, राम आळींत जिन्नस घ्यावे आणि परतीची गाडी चुकूं नये म्हणून घड्याळाकडे पाहत माघारीं यावें, हा क्रम. जेथें मनुष्य कामाला जातो तें गांव त्याला दिसत नाहीं. काम तेवढें दिसतें.

मागील वर्षीं डॉक्टरांनीं तपासणीचा कागद पुढें ठेवून रोज भरभर चालण्याची, आणि साधल्यास हळूहळू पळण्याची आज्ञा केली. हातखंब्यास पळावयाचें तर हमरस्त्यावर. तेथें रात्रंदिवस टँकर व ट्रक यांची रीघ, आणि कित्येक वर्षें रेंगाळलेल्या चौपदरीकरणाची धूळ. तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें, जी रत्नागिरीस कॉलेजांत शिकते व दर रविवारीं पहाटे तेथें पळावयास जाते, आम्हांस आपल्या स्कूटरवर मागें बसवून नेण्याचें पत्करलें. घरांत या प्रस्तावावर यथासांग चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींनीं गुडघ्यांची आठवण करून दिली, बंधूंनीं वयाची, आणि नव्वदी ओलांडलेल्या आमच्या आत्यांनीं माजघरांतूनच विचारलें, "पळायला काय झालंय? मागं कोण लागलंय तुझ्या?" या प्रश्नास त्या दिवशीं आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पौषांतील एका रविवारीं साडेपांचास आम्हीं घर सोडलें. आंब्याच्या मोहोराचा वास अंधारांत रस्त्यावर उतरला होता. खेडशी, कुवारबाव मागें टाकून मारुती मंदिरापाशीं गाडी उभी केली. तेथून माळनाका, जयस्तंभ, मग बाजारपेठ आणि शेवटीं मांडवीचा समुद्र, अशी वाट ठरली. 'पळणें' हा शब्द आम्ही संकोचानेंच वापरीत आहों. विजेच्या दोन खांबांमधील अंतर पळावें, पुढील दोन खांबांमधील चालावें, असा तो प्रकार होता. एक कुत्रें जयस्तंभापर्यंत आमच्या सोबतीनें आलें आणि आमच्या गतीला कंटाळून निघून गेलें.

बाजारपेठेंत शिरलों तेव्हां नुकतें फटफटलें होतें. सारीं दुकानें बंद, लोखंडी पडदे खालीं ओढलेले. दुधाची गाडी आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडीत बसलेलीं दोन मुलें, एवढीच काय ती जाग. दुकान उघडें असतें तेव्हां नजर मालावर असते; तें बंद असलें म्हणजे ती आपोआप वर जाते. कोठें कोठें अजून लांकडी माड्या उभ्या आहेत, कठड्यांवर नक्षी आहे, कौलांवर शेवाळ वाळलें आहे. आमच्या मुंजीचें धोतर ज्या दुकानांतून आलें त्याच्या माथ्यावरच्या खिडकींत तुळशीची कुंडी होती, व एक वृद्ध गृहस्थ तिला पाणी घालीत होते. तेथें वर कोणी राहतें, हें आम्हांस साठ वर्षांनीं कळलें.

टिळक आळींत लोकमान्यांच्या जन्मस्थानाचें फाटक बंद होतें. बाहेर उभे राहून दम घेतला. २३ जुलै १८५६ रोजीं ते येथें जन्मले आणि १८६६ मध्यें वडिलांच्या बदलीबरोबर पुण्यास गेले. म्हणजे या गांवानें त्यांना दहाच वर्षें ठेवून घेतलें. याच्या उलट गोष्ट थिबा राजाची. त्याचा वाडा आम्हीं पुढल्या महिन्यांत पाहिला, तरी उल्लेख येथेंच करणें सोयीचें. ब्रह्मदेशच्या या राजास इंग्रजांनीं १८८५ मध्यें पदच्युत केलें व पुढील वर्षीं येथें आणून ठेविलें. उतरत्या छपरांचा, कमानदार खिडक्यांचा तो वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला. त्यांत उणींपुरीं सहा वर्षें काढून १९१६ मध्यें राजा येथेंच वारला. त्याच्या थोरल्या कन्येनें वाड्यावरील एका मराठी नोकराशीं संबंध जोडला, आणि तिची मुलगी याच गांवांत मराठी बोलत म्हातारी झाली. सावरकरांचेंहि तेंच. अंदमानाहून आणल्यावर १९२१ मध्यें ते येथल्या तुरुंगांत होते, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत त्यांस या जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी होती. सह्याद्रीचे घाट आणि समुद्र यांच्या बेचक्यांतील हें गांव. सरकारला जो नकोसा होई त्याला तें येथें आणून ठेवी, आणि ज्याला शिकावयाचें वा कमवावयाचें असे तो येथून निघून जाई. आमच्या घरांतूनहि असे किती तरी गेले. त्यांतील एकाची गोष्ट त्याच सकाळीं उकरून निघावयाची होती.

पुतणी आमच्या वीस पावलें पुढें पळत होती. पतितपावन मंदिराचा रस्ता आला. ती सरळ गेली, आणि आम्ही अलीकडच्या बोळांत शिरलों.

"काका! अहो, इकडं! तिकडं कुठं निघालात?"

आम्ही थांबलों. त्या बोळानें वाट जवळ होत नव्हती, उलट वळसाच पडत होता. तरी पाय न विचारतां वळले होते. "आपण नेहमीं इकडूनच जातों," आम्हीं म्हटलें. "का?" तिनें विचारलें. तिच्या त्या 'का'ला आम्हांस खरोखरच कांहीं सांगतां येईना. वडिलांचें बोट धरून आम्ही बाजारांत येत असूं तेव्हां ते येथेंच वळत. त्यांचे वडीलहि येथेंच वळत असत, असें ते एकदां म्हणाले होते. आम्ही पन्नास वर्षें एकटे येत आहों. कोणी हात धरून वळवीत नव्हतें.

शाळेंत असतां याच देवळावर निबंध लिहून आम्हीं बक्षीस मिळविलें होतें, हें येथें सांगितलेंच पाहिजे. सावरकरांच्या प्रेरणेनें, दानशूर भागोजीशेट कीर यांच्या द्रव्यानें बांधलेलें हें लक्ष्मीनारायणाचें देऊळ १९३१ मध्यें उघडलें. ज्यांस त्या काळीं अस्पृश्य म्हणत त्यांसह सर्व जातींच्या हिंदूंना त्याचें दार पहिल्या दिवसापासून मोकळें होतें. त्याच सुमारास, १९३० मध्यें, नाशिकास डॉ. आंबेडकरांनीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभिला, आणि पांच वर्षें होऊनहि तें दार उघडलें नाहीं. डॉक्टरसाहेबांचें मूळ गांव आंबडवे आमच्याच जिल्ह्यांतलें. हें सारें आम्हांस पाठ होतें. त्या देवळांत मात्र आम्हीं पाऊल ठेविलें नव्हतें, आणि ठेविलें नव्हतें हें कधीं जाणवलेंहि नव्हतें.

त्या दिवशीं आम्ही बोळांतून माघारीं फिरलों, परंतु आंत गेलों नाहीं. घामानें भिजलों आहों, असें कारण सांगितलें. पुतणी कांहीं बोलली नाहीं. मांडवीच्या धक्क्यावर दोघेंहि समुद्राकडे तोंड करून बसलों. काळसर वाळूवर ओहोटी लागली होती, आणि उजेड रत्नदुर्गाच्या टेकडीवर आला होता. पूर्वीं मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत न्यावें लागे, असें आम्हीं तिला सांगितलें. तें तिनें नुसतें ऐकून घेतलें.

दुपारीं जेवणें आटोपल्यावर आत्या माजघरांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांना विचारलें, "आत्या, आजोबा पतितपावनाच्या अलीकडून का वळत?"

त्यांचे हात थांबले. "बाबांना त्या देवळासमोरून जायचंच नसे. काकांमुळं."

काका म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे बंधू. वंशावळींत त्यांच्या नांवापुढें 'मुंबईस नोकरीस गेले' एवढेंच आहे, आणि आम्हांसहि तेवढेंच ठाऊक. आत्या त्या वेळीं जन्मल्याहि नव्हत्या. त्यांनीं हें आपल्या आईकडून ऐकलें. काका रत्नागिरीस एका पेढीवर कारकून होते. त्या दिवसांत गांवांत सर्व जातींचीं सहभोजनें होत. एकदां काका त्या पंक्तीस बसले. ते शनिवारीं घरीं येण्यापूर्वींच बातमी चार कोस चालून हातखंब्यास पोंचली होती. आजोबांनीं त्यांचें पान पडवींत मांडावयास सांगितलें. प्रायश्चित्त घ्या, मग आंत या. काकांनीं आठ दिवस पडवींत जेवण केलें, एकहि शब्द काढला नाहीं, आणि नवव्या दिवशीं पहाटे चालत मांडवीस जाऊन बोट धरली.

"मग?"

"मग तीन मनिऑर्डरी आल्या. तिन्ही बाबांनीं परत धाडल्या. चौथी आली नाहीं." आत्यांनीं सुपांतला एक खडा वेंचून बाजूला ठेवला. "पावसाळ्यांत बोटी बंद झाल्या कीं आई म्हणायची, आतां कांहीं भावोजी यायचे नाहींत. नारळी पुनव झाली कीं पुन्हा वाट बघायला लागायची. बाबांसमोर नव्हे हो."

आजोबांविषयीं आम्हांस अतिशय आदर आहे. दुष्काळाच्या वर्षीं त्यांनीं घरचें भात न मोजतां वांटलें, हें गांवांतले जुने लोक अजून सांगतात. त्याच हातानें त्यांनीं भावाचे पैसे परत केले. या दोन गोष्टींची एकमेकींवर वजाबाकी करण्याचा आम्हीं त्या रात्रीं पुष्कळ प्रयत्न केला. ती होत नाहीं. पुतणी उंबऱ्यांत उभी राहून सर्व ऐकत होती. तिनें एवढेंच विचारलें, "म्हणजे आपली तिकडची माणसं असतील ना कुठंतरी?" असतील. कोठें, तें घरांत कोणासहि सांगतां आलें नाहीं.

पुढच्या रविवारीं पुतणी मुद्दाम आमच्या मागें राहिली. बोळ आला. पाय किंचित् अडखळले, हें कबूल करतों. मग सरळ गेलों. बुटांच्या नाड्या सोडावयास आम्हांस नेहमींपेक्षां अधिक वेळ लागला. आंत नुकतीच झाडलोट झाली होती. समोर लक्ष्मीनारायण. आमच्या आधीं एक बाई दर्शन घेत होत्या, त्या बाजूला झाल्या. आम्हीं हात जोडले, तीर्थ घेतलें, प्रसादाची साखर रुमालांत बांधली. विशेष कांहीं झालें नाहीं. इतर देवळांत व्हावें तसेंच सर्व झालें. मात्र परततांना, मांडवीकडून येत असतां, पाय पुन्हा त्याच बोळाकडे वळले, आणि मागून पुतणी हंसली.

घरीं येऊन प्रसाद आत्यांच्या हातावर ठेवला व कोठला तें सांगितलें. त्यांनीं बराच वेळ मूठ मिटूनच ठेवली. मग साखर तोंडांत टाकली आणि हात पदराला पुसला.

"मला जायला जमेल का रे तिथं?"

"गाडी करूं," आम्हीं म्हटलें.

"मी धरीन तुम्हांला, आजी," पुतणी स्वयंपाकघरांतून म्हणाली.

"मग येत्या रविवारीं न्या," आत्या म्हणाल्या. "पण पळत नव्हे हो."