नवरीसमोर नाचावं कसं?

‘नवरीसमोर नाचावं कसं?’ धर्मपंडितांनी एकमेकांना अगदी गंभीरपणे विचारलेला हा प्रश्न बॅबिलोनियन तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या ‘केतुबोत’ या विवाहविषयक भागात आहे! वाचलं आणि ताडकन उठून बसले. शम्माई या पंडिताचे शिष्य म्हणतात, नवरी जशी असेल तशीच तिची स्तुती करा. दुसरे पंडित हिल्लेल यांचे शिष्य म्हणतात, छे, प्रत्येक नवरी सुंदरच. पुढे तर कमालच आहे. रब्बी यहुदा बार इलाई सुगंधी मर्टलची डहाळी हातात घेऊन नवरीपुढे नाचत, आणि रब्बी शमुएल म्हातारपणीही तीन-तीन डहाळ्या घेऊन. रब्बी झेरा वैतागले, हा म्हातारा आपली लाज घालवतोय! पण शमुएल वारले तेव्हा त्यांच्या आणि लोकांच्या मधोमध अग्नीचा खांब उभा राहिला, असं तालमूद सांगतं, आणि त्याचं श्रेय त्याच झेरांनी त्या नाचाला दिलं.

नवरानवरीला आनंद देणं हे यहुदी धर्मात पुण्यकर्म, मिट्झ्वा. म्हणून नाचायचं पाहुण्यांनी, आणि बघायचं नवरानवरीनं! आजही ऑर्थोडॉक्स लग्नांत दोघांना खुर्च्यांवर बसवतात आणि त्यांच्यासमोर मित्र डोक्यावर बाटल्या तोलतात, चेंडू झेलतात, पेटत्या टोप्या घालून नाचतात.

पूर्व युरोपातल्या यहुद्यांचा ‘ब्रॉयगेस टान्स’ तर मला फारच आवडला. दोन विहिणी समोरासमोर येतात. एक रुसते, पाठ फिरवते, दुसरी मनधरणी करत तिच्याभोवती फिरते, शेवटी गळाभेट. लग्नातले रुसवेफुगवे खरोखर उसळायच्या आत भर मांडवात नाचूनच मिटवून टाकायचे. किती शहाणपणाची युक्ती!

आणि मग हसिदी पंथाचा ‘मिट्झ्वे टान्स’. रात्र सरत आलेली, बरेच पाहुणे गेलेले. बुरख्याआडची नवरी लांब पट्ट्याचं एक टोक धरून उभी राहते, दुसरं टोक आजोबांच्या, वडिलांच्या, गुरूंच्या हातात, कारण स्पर्श करायचा नाही. ‘बादखन’ म्हणजे लग्नातला शीघ्रकवी. तो यमकं जुळवत एकेकाला पुढे बोलावतो, हयात नसलेल्यांची आठवण काढतो, हसवतो, रडवतो. नवरी जवळपास निश्चल असते, आणि तरी सगळा नाच तिच्याभोवतीच. मी श्वास रोखून त्याचे व्हिडिओ बघत राहिले.

नवरी स्वतः नाचली तर काय होतं, ते ‘दिब्बुक’ हे नाटक दाखवतं. त्याचा लेखक अन्स्की यानं 1912 ते 1914 मध्ये व्होल्हिनिया-पोडोलियाची गावं फिरून लोककथा आणि चालीरीती गोळा केल्या होत्या, त्याच मातीतलं हे नाटक. पोलंडमध्ये 1937 साली त्यावर यिद्दिश चित्रपट झाला. लग्नाच्या दिवशी नवरीनं, म्हणजे लेआनं, गावातल्या गोरगरिबांबरोबर नाचायचं, ही रीत. नाचता नाचता समोर येतो मृत्यू, कवटीचा मुखवटा घालून! या मृत्यूच्या रूपात नाचली होती युदित बेर्ग, आणि चित्रपटाचं नृत्यदिग्दर्शनही तिचंच. नवरीला रिझवणारा तोच लग्नातला नाच इथे तिला ओढून नेतो. अंगावर काटा आला. आणखी दोनच वर्षांनी पोलंडवर नाझींचं आक्रमण झालं, हे ठाऊक असताना त्या पडद्यावरच्या गर्दीकडे बघवत नाही, आणि नजर हटतही नाही.

लग्नातला नाच ब्रॉडवेवरही पोचला. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सनं 1964 च्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीत नाटकासाठी न्यूयॉर्कमधल्या हसिदी लग्नांना हजेरी लावली होती. तिथे डोक्यावर बाटली ठेवून झुलणारा माणूस पाहिला, आणि रंगमंचावर तो प्रसिद्ध बाटली-नाच आला. नर्तक गुडघ्यांवर सरकतात, आणि बाटल्या चिकटवलेल्या नसतात! नाटकातल्या त्याच लग्नात एक तरुण रूढी मोडून मुलीला नाचायला बोलावतो, बायका-पुरुष एकत्र नाचू लागतात, आणि बघता बघता सगळं गाव बदलायला लागतं. त्यासाठी संवादांची फारशी गरजच पडत नाही.

हाच रॉबिन्स त्याआधी इस्राएलमध्ये येमेनी यहुद्यांच्या नृत्यानं भारावला होता. सारा लेव्ही-तनाई यांनी 1949 मध्ये उभ्या केलेल्या ‘इनबाल’ नृत्यसंस्थेला त्यानं मदत मिळवून दिली. आणि येमेनी लग्नात मेंदीचा सोहळा असतो, अगदी आपल्याकडच्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांतल्यासारखा! बायका पत्र्याच्या डब्यांवर ताल धरतात, गातात, नाचतात. आता मला इनबालच्या जुन्या चित्रफिती हव्या आहेत. कुणाकडे असतील तर कृपा करून कळवा, मी आजच बघायला येते!