सुय्याची नदी, कल्हणाची पोथी

काश्मीरला जाणारा प्रवासी सोपोरला आला की सफरचंदांच्या बागा पाहून खूश होतो. पण या गावाला नाव कुणाचं मिळालं, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. सोपोर म्हणजे सुय्यपूर. नवव्या शतकात, अवंतिवर्मा राजाच्या काळी, सुय्य नावाचा एक कल्पक माणूस होऊन गेला. दरडींचे दगड पात्रात साचून वितस्ता, म्हणजे आजची झेलम, तुंबत असे. शेतं बुडत, दुष्काळ पडे. सुय्यानं नदीत ओंजळी भरभरून नाणी टाकली. नाण्यांच्या आशेनं उपाशी लोक पाण्यात उतरले आणि त्यांनी दगड उपसून काढले! पुढे त्यानं बांध घातले, कालवे काढले, आणि २०० दिनारांना मिळणारी तांदळाची खारी ३६ दिनारांना मिळू लागली.

ही हकीकत कल्हण पंडितानं 'राजतरंगिणी'त लिहून ठेवली आहे. ११४८ ते ११५० या काळात रचलेला हा जवळजवळ आठ हजार श्लोकांचा ग्रंथ. त्यासाठी कल्हणानं आधीचे अकरा ग्रंथ पाहिले, शिलालेख वाचले. म्हणजे जुना इतिहास नव्यानं मांडण्याचं काम मुळात त्यानंच केलं.

पुढे प्रत्येक काळानं या ग्रंथाला आपल्या भाषेचा पोशाख चढवला. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या दरबारात जोनराजानं कथा पुढे नेली, ग्रंथाचं फारसी भाषांतरही झालं. अकबराच्या दरबारी झालेलं भाषांतर जड वाटलं, म्हणून ते सोपं करण्याचं काम १५९१ च्या सुमारास बदायुनीवर आलं. ऑरेल स्टाईननं १८९२ मध्ये संस्कृत संहिता छापली. खोऱ्यात हिंडून त्यानं ग्रंथातली ठिकाणं शोधली आणि १९०० मध्ये टिपांसह इंग्रजी भाषांतर दिलं. १९३५ मध्ये आणखी एक इंग्रजी भाषांतर आलं, ते रणजित सीताराम पंडित या मराठी माणसाचं. त्यातलं बरंचसं काम तुरुंगात झालेलं!

नव्या वाचकासाठी भाषा सोपी करावी, नकाशे द्यावेत, टिपा द्याव्यात. पण कडू भाग गाळू नये. कल्हणाचे वडील चंपक हे हर्ष राजाचे मंत्री. तरीही त्या राजानं देवळं लुटली, हे कल्हणानं लपवलं नाही. इतिहास लिहिणाऱ्यानं न्यायाधीशासारखं रागलोभ बाजूला ठेवावेत, असं तो मानत असे. हे खरेपण गेलं, तर उरतील त्या नुसत्या राजांच्या गोष्टी.

पहलगामच्या वाटेवर अवंतिपूरची भग्न मंदिरं लागतात. तीही त्याच अवंतिवर्म्याच्या काळची. फोटो काढून पुढे निघण्याआधी सुय्याची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमचं पाणी श्रीनगरात शिरलं, घरंच्या घरं बुडाली. अकराशे वर्षांपूर्वी सुय्यापुढे जो प्रश्न होता, तो या नदीकाठी अजून सुटलेला नाही.