किती आहे त्यात?

घरचेही हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे हे लिहावं की नको याचा आठवडाभर विचार केला. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकू.

यंदा आई आली होती, इकडे मिशिगनला. विमानतळावरून घरी येताना गाडीतच तिने विचारलं, "घरी दारू गाळतोस म्हणे?" (आमच्या भगिनी फितूर आहेत, दुसरं काय!)

"गाळत नाही गं, आंबवतो. बिअर आहे ती. तुझ्या इडलीच्या पिठासारखंच." अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय कायद्याने हे चालतं, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, वगैरे सगळं पाठ म्हणून दाखवलं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि पितोस किती?"

"दोनच ग्लास. संध्याकाळी."

ती काही बोलली नाही. माझा मामाही 'दोनच' म्हणायचा. मामा कशाने गेला हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात आली. सगळी भांडी पाहून झाल्यावर तिने हायड्रोमीटर उचलला आणि चक्क हसली. "अरे, हा तर लॅक्टोमीटर!" आजोबा गावच्या दूध डेअरीवर होते. सकाळी रांगेतल्या प्रत्येक किटलीत ते हीच काचेची नळी सोडायचे. दुधात पाणी असलं की नळी जास्त बुडायची आणि दूधवाल्याचा चेहरा पडायचा!

तत्त्व तेच. माल्टच्या गोड पाण्यात साखर भरपूर असते, म्हणून नळी वर तरंगते. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. साखर कमी होते, अल्कोहोल तर पाण्याहून हलकं, त्यामुळे नळी खाली जाते. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांतल्या फरकाला साधारण १३१ ने गुणायचं, की टक्के मिळतात. नुसता शेवटचा आकडा उपयोगाचा नाही. जत्रेत किती खर्च झाला ते कळायला निघताना खिशात किती होते हेही माहीत हवं ना!

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्या त्या ग्लासात किती आहे?"

वही काढली. आधी १.०६८, नंतर १.०१४. म्हणजे ७ टक्के. हे मी मोठ्या हौसेने वाढवत नेलं होतं. माल्ट जास्त घालायचं, वर साधी साखर. १९ लिटरच्या घाण्यात अर्धा किलोच्या आसपास साखर घातली की सव्वा टक्का वाढतो. मित्रांनी "कडक आहे रे!" म्हटलं की मला बरं वाटायचं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून हिशोब केला. माझा ग्लास ४७३ मिलीचा. अशा दोन ग्लासांत ६६ मिली शुद्ध अल्कोहोल. इथे एक 'ड्रिंक' म्हणजे ३५५ मिली, ५ टक्क्यांची बिअर, म्हणजे जेमतेम १८ मिली. माझे 'दोनच' म्हणजे जवळजवळ चार होते. रोज! आईशी मी खोटं बोललो नव्हतो, आणि खरंही बोललो नव्हतो. मामाचंही असंच असेल का?

मग घाईघाईत उपाय सुरू केले. पहिला उपाय म्हणजे तयार बिअरमध्ये पाणी. पाणी उकळून, गार करून घातलं (उकळलं की त्यातला प्राणवायू निघतो, नाहीतर बिअर बिघडते). ७ चे साडेतीन करायचे तर जेवढी बिअर तेवढंच पाणी. चव? झाकली मूठ... उरलेल्या आमटीत पाहुणे आले म्हणून तांब्याभर पाणी ओतावं तशी!

खरा उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. माल्ट निम्म्यावर आणलं. ते भिजवायचं पाणी ६५ ऐवजी ६९ अंशांवर ठेवलं. त्या उष्णतेला यीस्टला न पचणारी साखर जास्त राहते, म्हणजे अल्कोहोल कमी, पण तोंडात बिअर पाणचट लागत नाही. थोडे ओट्स घातले. हॉप्सही त्याच मानाने कमी केले, नाहीतर नुसता काढा होतो. इंग्लंडमध्ये 'माइल्ड' नावाची अशी सौम्य बिअर पूर्वीपासून आहेच, मी काही नवीन केलं नाही.

आधी १.०३४, नंतर १.०१२. म्हणजे २.९ टक्के.

आई परत जायच्या आदल्या दिवशी पहिली बाटली उघडली. तिने नुसता वास घेतला. "भाकरीसारखा वास येतोय," म्हणाली. एवढंच.

आता कुणी म्हणेल, सोडूनच दे की. कदाचित तोही दिवस येईल. हलकी बिअर म्हणून तिसरा ग्लास भरायला हात जातो, तेही खरं आहे. नळी टक्के सांगते, ग्लास मोजत नाही. म्हणून आता प्रत्येक बाटलीवर टक्के लिहितो आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ग्लास.

काल रविवार. आईचा फोन.

"किती?"

"२.९. आठवड्यात पाच ग्लास."

"बरं," म्हणाली, आणि तिकडच्या पावसाचं सांगायला लागली.